सतरा नंबरचं सॅम्पल

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका थीसिसच्या पानांना भोकं पाडत होते. सिंदी मेघेत माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. मेडिकलची पोरंपोरी तिथेच येतात, आणि सकाळी दहाला त्यांची झुंबड असते. फोन प्रकाशभाऊजींचा, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याचा. "उषाताई, कुंदा नाई राह्यली." मी मशीनसुद्धा बंद केलं नाही. म्हटलं, "काय बोलून राह्यले तुमी? काल संध्याकाळी तं इथं बसून मले बोलणी देऊन गेली!" मागे कुणीतरी हुंदके देत होतं. मग मी मशीन बंद केलं.

सकाळी ड्यूटीवर जाताना ती लॅबच्या जिन्यात मध्येच बसली. छातीत आवळल्यासारखं होतंय, म्हणाली. त्या जिन्यापासून कॅज्युअल्टी म्हणजे उठून चालत जाण्याएवढं अंतर. स्ट्रेचरवरून नेलं, ईसीजी काढला, छाती दाबली, शॉक दिले, सगळं केलं. नाही जमलं. मी पोचले तेव्हा तिथला डॉक्टर भाऊजींना विचारत होता, "यांना बीपीची कुठली गोळी चालू होती?" भाऊजी म्हणाले, "कोनतीच नाई." "अहो, ईसीजीच्या पट्टीत हृदयाची भिंत जाड झालेली दिसते आहे. हे कालपरवाचं नाही, बरीच वर्षं बीपी असणार. कधी तपासलंच नाही?"  ज्या बाईने अख्खी नोकरी हॉस्पिटलात काढली, रोज लोकांच्या दंडाला पट्टे बांधले आणि सोडले, तिच्याबद्दल हा प्रश्न! मला तिथेच कुणालातरी धरून हलवावंसं वाटलं, पण कुणाला ते कळत नव्हतं. आता कळलंय.

याला आता दोन महिने होत आले. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, म्हणाले, मैत्रिणीच्या आठवणी लिहा, वाचकांना हळवं आवडतं. मी म्हटलं, मला हळवं येत नाही, मी चिडकी बाई आहे. ते म्हणाले, मग तसं लिहा. म्हणून लिहिते आहे. नाव मी हॉस्पिटलचं घेणार नाही, सरांचंही घेणार नाही. नाव घेतलं की माणसं नावावरच भांडत बसतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

कुंदा आणि मी आर्वीच्या शाळेत एका बाकावर होतो. माझ्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान, तिचे वडील तहसिलात शिपाई. बौद्ध घरातली पोर, अभ्यासात आमच्या सगळ्यांच्या पुढे. ती आमच्या घरी यायची तेव्हा माझी आई तिला पाणी द्यायची ते एका ठरावीक स्टीलच्या ग्लासात. तो ग्लास मोरीच्या कडेला पालथा असायचा. मला ते ठाऊक होतं आणि मी कधी काही बोलले नाही. कुंदा दोनदा त्यातून पाणी प्यायली. तिसऱ्यांदा आली ती स्वतःची बाटली घेऊन. आईने पाणी पुढे केलं तर म्हणाली, "नको काकू, मले तहान नाई." पुढे कॉलेजात असताना मी एकदा रडत रडत तिची माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुले माहीत होतं तं मले सांगाचं होतं न, उषे. दोन डाव कायले पेऊ देलं?" तिचा राग ग्लासावर नव्हता, माझ्या गप्प बसण्यावर होता. एवढं बोलून तिने विषय संपवला आणि माझ्या डब्यातली पोळी तोडून घेतली.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करून ती लॅबला लागली, मी लग्न होऊन सिंदी मेघेत आले, तीही इथेच राहायला आली. संध्याकाळी ड्यूटी सुटली की माझ्या काउंटरच्या आत येऊन बसायची. चहा व्हायचा आणि मग माझी झाडाझडती. मी थीसिसचं एखादं पान उलटं लावलं असेल तर तिला बसल्या जागेवरून दिसायचं. "पाह्य, पाह्य, काय लावून राह्यली! त्या पोरीचं परीक्षेत नाक कापशीन तू!" लॅबमध्येही तशीच. शिकाऊ पोरं तिला टरकून असायची. नळीवर लेबल तिरकं लागलं तरी ती नळी परत द्यायची. मला तिचं हे कौतुकही वाटायचं आणि वैतागही यायचा. बाई गं, एक लेबल तिरकं लागलं तर कोणाचा जीव जातो का, असं मी विचारायचे. ती म्हणायची, "जाते न."

तिची खरी शिस्त मी पाहिली ती दोन वर्षांपूर्वी, रेवतीच्या थीसिसच्या वेळी. रेवती म्हणजे मेडिसिनची पीजी करणारी नागपूरची मुलगी, हुशार, घाबरट, सदा धावपळीत. तिचा विषय होता हृदयरोग्यांच्या रक्तातल्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या पेप्टाइडांची पातळी. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत टाकायचं तर नाव मावेना, चार ओळी झाल्या. मी कुंदाला विचारलं, "हे आवळणारं म्हणजे काय व?" ती म्हणाली, "आपल्याच अंगात बनते थे. रक्ताच्या नळीच्या आतल्या अस्तरातून निंगते आन् नळीलेच आवळते. पायजाम्याचा नाडा ओढला का कसा घट्ट होते, तसं. थोडं पाहिजेच, नाई तं माणूस उभा राह्यला का चक्कर येऊन पडन. पण ज्याचं हृदय थकलं, ज्याचं बीपी वाढलं, त्याच्या रक्तात हे लय होते. मंग नळ्या आवळल्या, का हृदयाले आनखी जोर लावा लागते. आनखी थकते." मी बीए इतिहास. पण मला समजलं.

आता या रक्ताची भानगड अशी, की ते घ्यायचं कसं यावर सगळं अवलंबून. माणूस जिना चढून आला, घाबरला, दंडाला पट्टा फार वेळ करकचून बांधला, नळी टेबलावर तशीच राहिली, की आकडा बिघडतो. म्हणून कुंदाचा नियम होता, की ज्याचं रक्त घ्यायचं त्याला आधी अर्धा तास खाटेवर निजवायचं. चहा नाही, बिडी नाही, मोबाइल नाही. नळी आधीपासून बर्फात. रक्त घेतलं की नळी परत बर्फात, आणि तिथून थेट थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये. त्या अर्ध्या तासात ती माणसापाशी स्टूल घेऊन बसायची आणि त्याच्या शेतातलं, पोरीबाळींचं, बैलाचं काहीबाही विचारायची, म्हणजे त्याचा जीव शांत व्हावा. रेवतीला घाई असायची. "ताई, पंधरा मिनिटं पुरे ना?" कुंदा म्हणायची, "मॅडम, तुमाले आकडा पाहिजे का आकड्यासारखं काही पाहिजे?" रेवती बिचारी माझ्या दुकानात येऊन कुंदाची तक्रार करायची आणि वर हेही म्हणायची, की काकू, त्या आहेत म्हणून माझा थीसिस उभा आहे.

आजारी माणसांच्या शेजारी ठेवायला निरोगी माणसं लागतात, म्हणजे तुलना होते. आजारी हवे तेवढे मिळाले. निरोगी मिळेनात! वॉर्डातल्या नातेवाइकांना विचारलं तर रक्त द्यायचं म्हटलं की लोक पळ काढायचे. काही तयार झाले, बाकी स्टाफमधले घेतले. कुंदा स्वतःहून म्हणाली, "माह्यं घ्या न मॅडम, मी काय मरून राह्यली?" हे ती मला हसत हसत सांगत होती. सगळ्यांच्या नळ्यांवर नावाऐवजी नंबर, आणि नंबर चिठ्ठ्या टाकून दिलेले. कोणता नंबर कोणाचा ती यादी फक्त रेवतीपाशी. कुंदाला ते फार आवडलं होतं. असंच पाहिजे, म्हणाली, म्हणजे हात कोणासाठी वाकडा पडत नाही.

मग एक दिवस संध्याकाळी ती आली ती चपलाही न काढता. चेहरा लालबुंद. चहा ठेवला तो प्यायली नाही. रेवतीच्या गाइडने, म्हणजे ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणतात त्यांनी, सगळ्यांसमोर तिला झापलं होतं. निरोगी गटातल्या सतरा नंबरचा आकडा भलताच वर आला होता. त्याच रक्ताची दुसरी नळी राखून ठेवलेली होती, ती लावली, तर तिचाही तेवढाच वर. सर म्हणाले, निरोगी माणसाचा असा आकडा येतच नाही, दोन्ही नळ्या हँडलिंगमध्ये खराब झाल्या, एवढ्या वर्षांच्या टेक्निशियनकडून ही अपेक्षा नव्हती. कुंदा सांगत होती. "उषे, आजलोक माह्या हातून एक सॅम्पल खराब झालं नाई. मी सेंट्रिफ्यूजचं रजिस्टर दाखोलं त्यायले. बर्फ पुरा होता, टाइम बरोबर होता. मी म्हनलं, सर, सॅम्पल खराब नाई, त्या माणसाले बलावून पाहा, त्याले काही असन. तं हसले व! म्हणे, कुंदाबाई, डॉक्टर मी आहे."

मी काय केलं? मी म्हटलं, "जाऊ दे न, एका सॅम्पलचं काय एवढं?" तिने माझ्याकडे असं बघितलं... मग चहा तसाच ठेवून उठली. पुढचे कितीतरी दिवस ती त्या सतरा नंबरचंच घेऊन बसली होती. रात्रंदिवस एकच. "कोण असन व तो? निरोगी म्हणून फिरत असन कुठं." तिला वाटायचं रेवतीला विचारावं, पण यादी गुपित ठेवायची हा नियम तिनेच उचलून धरलेला. मग ती माणसाची काळजी सोडून स्वतःवरच शंका घ्यायला लागली. एखादेवेळी नळी हललीच असेल, सुई वाकडी शिरली असेल... ती बाई, जिने कधी लेबल तिरकं चालवून घेतलं नाही! ते रक्त रेवतीने घेतलं होतं की हिने, हेही तिला कळेना, कारण स्टाफचं सगळं रेवतीनेच घेतलं होतं, बाकीचं हिने, आणि सतरा नंबर स्टाफचा की बाहेरचा हे यादीशिवाय कळत नव्हतं. याच काळात ती जिना चढताना थांबायला लागली. डोकं दुखतं म्हणायची. मी म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी!

थीसिस पूर्ण झाला. माझ्याच दुकानात पाच प्रती बांधल्या. त्यात एक पान होतं, मी स्वतः मशीनवर ठेवून त्याच्या झेरॉक्स काढल्या. तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की निरोगी गटातल्या दोघांचे नमुने तांत्रिक कारणाने वगळले आहेत. पाच वेळा ते पान माझ्या हाताखालून गेलं. मला इंग्रजी कामापुरतं येतं, तेवढ्यात ते समजलंही. मी पान सरळ लागलंय ना एवढं पाहिलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

कुंदाची शोकसभा लॅबच्या हॉलमध्ये झाली. सर बोलले. कुंदाबाई म्हणजे निष्ठावान, कुंदाबाई म्हणजे संस्थेचा कणा. कणा! जिवंतपणी त्या कण्याला सगळ्यांदेखत वाकवलं ते विसरून गेले वाटतं. मी मागच्या रांगेत दात खाऊन बसले होते. सभा सुटली तेव्हा रेवती माझ्याजवळ आली. ती आता नागपूरला एका खाजगी दवाखान्यात असते. रजा काढून आली होती. मला पाहून तिला एकदम रडूच कोसळलं. मी तिला बाहेर पायऱ्यांवर नेलं. म्हणाली, "काकू, सतरा नंबर त्याच होत्या."

मला क्षणभर कळलंच नाही. मग म्हटलं, "कोण त्याच?"

"कुंदाताई. ते रक्त त्यांचं होतं."

मी तिला सरळ विचारलं, की पोरी, तुला तेव्हा ठाऊक होतं? यादी तुझ्यापाशी होती! ती हो म्हणाली. नंबर वर आला तेव्हा तिने यादी पाहिली होती. ती सरांना म्हणालीसुद्धा, की सर, हे आपल्याच स्टाफचं आहे, सांगूया का? सर म्हणाले, एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो, उगाच स्टाफला घाबरवू नकोस, संमतीपत्रात वैयक्तिक निकाल कळवायचं नाही, सबमिशन डोक्यावर आहे, वगळ. तिने वगळलं. आणि कुंदाला तिच्याच रक्तासाठी झापलं जात असताना ही पोरगी शेजारी उभी होती, खाली मान घालून.

"पण फॉर्मवर बीपी लिहिलेलं असतं ना?" मी विचारलं. मी असे किती फॉर्म झेरॉक्स केलेत, मला रकाने पाठ आहेत. निरोगी म्हणून घ्यायचं तर आधी बीपी मोजायलाच पाहिजे. रेवतीने आधी डोळे पुसले. मग म्हणाली, "स्टाफचं मोजलंच नाही, काकू. सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी लिहून टाकलं. कुंदाताईच म्हणाल्या, लिहा मॅडम, माह्यं नेहमीचंच हाय, ओपीडीत रांग लागली." कपाळावर हात मारून घेतला मी! दुसऱ्याच्या दंडाला पट्टा नीट बसला नाही तर खेकसणारी कुंदा, स्वतःचा दंड पुढे करायला तिला दोन मिनिटं नव्हती. मी तिच्यावरही चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. का चिडू नये? ती असती तर मी तिला चांगली उभी आडवी घेतली असती.

पण तिची चूक आळसाची होती. सरांची तशी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी पाणी मागवलं, बसा म्हणाले, फार सौजन्याने बोलले. सौजन्याने बोलणाऱ्या माणसाशी भांडायला फार ताकद लागते. "हे बघा ताई, असं असतं, की संशोधनात गटाची सरासरी बघतात. एका व्यक्तीच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही."

मी म्हटलं, "सर, त्या जिन्यात सरासरी नव्हती बसली. कुंदा बसली."

"समजू शकतो. पण समजा सांगितलं असतं, तरी काय? या पेप्टाइडची पातळी वाढली म्हणून आपण काही लगेच औषध सुरू करत नाही."

"मान्य! नसेल त्याला औषध. पण आकडा वर आला तर माणसाला बोलवून दंडाला पट्टा तरी बांधायचा की नाही? बीपीचं औषध तर आहे ना? कुंदाने तुम्हाला तेच सांगितलं होतं, की त्या माणसाला बोलवा. तुम्ही हसलात."

सर चष्मा काढून पुसत बसले. खरं सांगते, मला वाटलं होतं की एवढं बोलून माझा जीव थंड होईल. झाला नाही. कारण मध्येच मला ते बारीक अक्षरातलं पान आठवलं. दोघांचे नमुने वगळले होते. एक सतरा. दुसरा कोण? मी तिथूनच, सरांच्या समोर बसून, रेवतीला फोन लावला. ती म्हणाली, "तेवीस नंबर. एका पेशंटचे नातेवाईक. काकू, मी नाव नाही सांगू शकत." मी म्हटलं, "मला नाव नको. तो माणूस जिवंत आहे का, तेवढं सांग." ती म्हणाली, "माहीत नाही." मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सरांना म्हटलं, सर, आता तुम्ही सांगा तिला काय करायचं ते. मी उठणार नाही. मला दुकानाची घाई नाही.

सरांनी नियम सांगितले, समिती सांगितली, दोन वर्षांनी असा संपर्क करता येतो का ते बघावं लागेल म्हणाले. मी बसून राहिले. बाहेर पेशंट जमले होते, दार दोनदा उघडून लोक डोकावून गेले. शेवटी ते फोनकडे वाकून म्हणाले, "रेवती, त्यांना बोलवून घे. तपासणी म्हणून." मी उठताना ते मला एवढंच म्हणाले, "मला कुंदाबाईंचं खरंच वाईट वाटतं." मी म्हटलं, वाटायलाच पाहिजे. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरची सिस्टर माझ्याकडे बघत होती.

त्या माणसाचा मोबाइल लागत नव्हता. फॉर्मवर पत्ता होता, कारंजा घाडगेला हायवेवरचं टायर-पंक्चरचं दुकान. रेवती म्हणाली, मी रविवारी जाते, पण एकटीने माझे पाय उचलत नाहीत, काकू, तुम्ही याल? गेले नसते तर मेलेली कुंदा उठून मला बोलली असती. मी एसटीने आर्वीला जाऊन तिथून दुसरी बस धरली, रेवती नागपूरकडून आली. स्टँडवरून चालत निघालो. रस्ताभर ट्रक, ढाबे, धूळ. ती सारखी पर्समधली बीपीची मशीन चाचपत होती. मला काय भीती होती ते मी तिला सांगितलं नाही. मला वाटत होतं, दुकानाला कुलूप असेल आणि शेजारचा म्हणेल, थो गेला न बाई, मागल्या साली.

कुलूप नव्हतं. धिप्पाड माणूस, पन्नाशीच्या आतबाहेरचा, ट्रकचं चाक एकट्याने लोळवत होता. त्याला बघून कोणीही निरोगी गटातच टाकला असता. रेवतीने मला लांब उभं केलं, आधी त्याला विचारते म्हणाली. तो मोठ्याने म्हणाला, "येऊ द्या न त्यायले, त्याच्यात लपवाचं काय?" त्याने ओळखलं तिला. त्याची आई भरती होती तेव्हा याच मॅडमच्या सांगण्यावरून त्याने रक्त दिलं होतं. दोन स्टुलं पुसून दिली, चहा सांगायला निघाला. रेवती म्हणाली, चहा नको, आधी हात द्या. पट्टा बांधला. मशीन घरघरलं. तिने आकडा पाहिला आणि पट्टा सोडला. त्याला पाच मिनिटं शांत बसवलं, परत बांधला. मग दुसऱ्या हाताला. तिसऱ्यांदा आकडा पाहून तिने खालचा ओठ दातांत धरला, तेव्हा मला कळलं.

"बीपी खूप जास्त आहे तुमचं," ती म्हणाली. "आजच दवाखान्यात यावं लागेल. डोकं दुखतं? दम लागतो?"

"दुखते कधी कधी. उन्हानं असन म्हनलं." त्याला ते फारसं खरं वाटत नव्हतं. मग तो आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "पण तुमी आज काऊन आल्या? रक्त देऊन तं दोन साल झाले."

रेवतीने सांगितलं, की तेव्हा तुमच्या रक्तात एक आकडा जास्त आला होता.

"तेवाच?"

"हो. तेव्हाच."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "त्या ताई होत्या न, मले अर्धा घंटा निजवून माह्या मायचं पुसत बसल्या होत्या. त्यायनं मले म्हनलं होतं, भाऊ, काही दिसलं तं मी सोता सांगतो. म्हणून मी बिनघोर होतो. काही आलं नाई निरोप, म्हणजे सारं बरोबर हाय. त्या काऊन नाई आल्या?"

संमतीपत्र माझ्याच दुकानात छापलेलं. त्यात असलं काही लिहिलेलं नव्हतं. ती स्वतःच्या मनाने सांगून आली होती, आणि सांगायचं काय हे तिच्यापर्यंत कोणी पोचूच दिलं नव्हतं. मी तोंड उघडलं, माझ्या जिभेवर सरांसाठी, नियमांसाठी खूप काही होतं. पण रेवती माझ्याआधी बोलली. "त्या गेल्या, भाऊ. दीड महिना झाला. त्यांनाही तुमच्यासारखंच होतं. त्यांचाही आकडा तेव्हाच आला होता."

 मागून एक ट्रक हॉर्न देत गेला.

"मंग त्यायले कोनी सांगतलं नाई?"

मला वाटलं ही आता रडेल, नाहीतर सरांचं नाव सांगेल. तिने दोन्हीही केलं नाही. "नाही," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

त्याने दुकानाकडे एकदा पाहिलं, मग स्टूल तिच्यासमोर ओढून बसला. "माह्यं सांगा," म्हणाला. "पुरं सांगा. काही ठेवू नका." रेवतीने मशीन बाजूला ठेवलं, आणि रक्ताच्या नळ्या कशाने आवळतात इथपासून त्याला सांगायला सुरुवात केली.